क्रीममधला गेरू

फाउंडेशनची पहिली परीक्षा विरार स्टेशनच्या जिन्यावरच होते. रिक्षातून उतरून पूल चढेपर्यंत वरच्या ओठावर घामाचे थेंब जमतात. गाडीत शिरतानाच्या रेटारेटीत कुणाचा दंड, कुणाची पर्स गालाला घासते. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर नाकाच्या कडेचा थर रुमालाने टिपता येतो. नाही मिळालं तर बोरिवलीपर्यंत एक हात कडीला आणि दुसरा पिशवीला. चर्चगेटला उतरेस्तोवर साठेक किलोमीटर आणि सव्वा-दीड तास झालेला असतो. तेव्हा कपाळाचा रंग एक, गालाचा दुसरा आणि जबड्याच्या कडेला पांढुरकी रेघ. वसई-विरारकडच्या बायका फाउंडेशनची बाटली बाजूला ठेवून बीबी क्रीम किंवा टिंटेड सनस्क्रीन लावून बघतात, त्या बहुतेक या वैतागातून. हलकं वाटतं, बोटांनी पटकन लावून होतं, घामात चट्टे पडत नाहीत, एवढं त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. त्याच ट्यूबमध्ये आपल्या वर्णाच्या त्वचेसाठी याहून मोठा एक गुण आहे, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. तो गुण क्रीमच्या रंगातच आहे.

त्याआधी फाउंडेशनला घाम का मानवत नाही ते पाहू. आज आपण ज्याला फाउंडेशन म्हणतो त्याचा मूळपुरुष कॅमेऱ्यासाठी जन्माला आला. हॉलिवूडमध्ये रंगीत चित्रपटांचं टेक्निकलर तंत्र आलं आणि रंगभूमीवरचे जुने तेलकट रंग पडद्यावर विचित्र चमकू लागले. तेव्हा मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायची ‘पॅन-केक’ नावाची वडी तयार केली. १९३८ मध्ये ती सर्वसामान्य बायकांसाठी बाजारात आली आणि भराभर खपली. तिचं काम एकच होतं : त्वचेचा मूळ रंग पूर्ण झाकायचा आणि वर एकसारखा नवा रंग द्यायचा. नंतर द्रव आलं, क्रीम आलं, काडी आली, पण काम तेच राहिलं. त्यासाठी रंगद्रव्य भरपूर लागतं. दाट फाउंडेशनमध्ये ते सर्वसाधारणपणे वजनाच्या दहा ते वीस टक्के असतं. हा थर म्हणजे भिंतीवरचा गिलावाच. खालून ओल आली की तो सुटतो, आणि जिथे हालचाल जास्त तिथे तडकतो. घामाचे थेंब थरातून वर येताना रंगाचे कण बाजूला सारतात, त्वचेचं तेल थरातल्या तेलात मिसळून त्याची पकड सैल करतं, बोलता-हसताना ओठांच्या कडेला भेगा पडतात. कोरड्या हवेत घाम उडून तरी जातो. वसईच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे तो उडायला जागाच नाही.

आपल्याकडे फाउंडेशन घरोघरी पोचलं ते बऱ्याच उशिरा. मराठी घरांतल्या आरशापुढे कित्येक दशकं राज्य होतं ते स्नो-पावडरचं. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं आणि त्या निळ्या लेबलच्या बाटलीने दोन-तीन पिढ्यांच्या लग्नसराया पाहिल्या. स्नोची रसायनविद्या मोठी साधी आणि हुशार होती. स्टिअरिक आम्ल पाण्यात तापवायचं, त्यातल्या थोड्या भागाचा अल्कलीने साबण करायचा. तो साबण उरलेलं आम्ल पाण्यात धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडतं, मागे अगदी पातळ, तेलकट नसलेला पापुद्रा राहतो. त्यावर टाल्कम पावडर चिकटते. म्हणजे हाही एक हलका मेकअपच होता, आणि घामात तो फाउंडेशनपेक्षा बरा टिके. त्याला रंग मात्र नव्हता. पांढऱ्या पापुद्र्यावर पांढरी पावडर लावल्यावर गव्हाळ किंवा सावळा चेहरा पिठुळका व्हायचा, आणि पुष्कळ घरांत तेच हवं असायचं. १९५२ मध्ये टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली, पुढे १९६१ पासून सिमोन टाटांनी ती वाढवली, आणि भारतीय त्वचा समोर ठेवून प्रसाधनं देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. तिच्या नावातला ‘फेअर’ शब्द जायला २०२० उजाडावं लागलं. चेहऱ्याला लावायचं ते उजळ दिसण्यासाठीच, ही समजूत या साऱ्या काळात इतकी मुरली की रंगाचं क्रीम घेतानाही हात आपोआप सर्वांत फिकट छटेकडे जातो. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची चूक तीच, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

टिंटेड क्रीमची वंशावळ फाउंडेशनपासून वेगळी आहे. तिची सुरुवात दवाखान्यासारख्या वातावरणात झाली. जर्मनीत क्रिस्टीन श्रामेक १९६०च्या दशकात चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचे उपचार करत. त्यानंतर चेहरा लालबुंद आणि हुळहुळा होई. त्याला शांत करेल, उन्हापासून जपेल आणि लाली थोडी झाकेल असं एकच मलम हवं होतं. त्यांनी ते तयार केलं आणि ‘ब्लेमिश बाम’ म्हटलं. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे ‘बीबी’. १९८०च्या दशकात ते कोरिया-जपानकडे गेलं, कोरियात घरोघरी पोचलं, आणि २०१०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या ट्यूबमधून आपल्याकडच्या मेडिकलच्या आणि कटलरीच्या दुकानांत दिसू लागलं. आता बीबी, सीसी, टिंटेड मॉइश्चरायझर, स्किन टिंट, टिंटेड सनस्क्रीन अशी नावांची रांग आहे. कायद्यात या नावांची वेगळी व्याख्या नाही, त्यामुळे नावावरून फार काही कळत नाही. कळतं ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतून.

तिथे तीन आकडे शोधायचे : सीआय ७७४९१, सीआय ७७४९२, सीआय ७७४९९. हे आहेत लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. पहिल्याला आपण शतकानुशतकं ओळखतो. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांच्या भिंती शेणामातीने सारवून त्यावर गेरूचा हात देतात आणि मग तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. त्या गेरूची लाली याच लाल ऑक्साइडची. अंगणात रांगोळीखाली देतो तो गेरू, पिवळी माती, या सगळ्यांचा रंग लोखंडाचाच. बाटलीतलं महागडं फाउंडेशन असो की शंभर रुपयांच्या आतली बीबी क्रीमची छोटी ट्यूब, माणसाच्या कातडीचा रंग जमवण्यासाठी जगभर हेच तीन रंग आणि चौथा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. प्रसाधनातले हे रंग मात्र खाणीतले नसतात. ते कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवतात, कारण मातीतल्या गेरूत शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. घरचा गेरू क्रीममध्ये कालवून चेहऱ्याला लावण्याचा प्रयोग म्हणूनच कुणी करू नये.

हे रंग जमवण्याचं काम वसईकरांच्या दाराशीच चालतं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागातल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत प्रसाधनं बनवणारे आणि दुसऱ्यांच्या नावाने बनवून देणारे लहान कारखाने आहेत. घरातल्या एखाद्या क्रीमच्या खोक्यावर ४०१२०८ हा पिन कोड दिसला तर ते इथलं. अशा ठिकाणी एक बॅच कशी तयार होते ते समजून घेण्यासारखं आहे. आधी कोरडे रंग काट्यावर तोलतात. आपल्या वर्णासाठी सगळ्यात जास्त पिवळा, त्याहून कमी लाल, आणि काळा अगदी चिमटीभर. ही पूड तशीच क्रीममध्ये टाकली तर गुठळ्या राहतात आणि गालावर रेघा उठतात, म्हणून ती थोड्या तेलात किंवा सिलिकॉनमध्ये भिजवून घोटतात. घोटेल तसतसा रंग खुलत जातो. दुसऱ्या भांड्यात तेलाचा भाग, तिसऱ्यात पाण्याचा, दोन्ही सत्तर-पंच्याहत्तर अंशांपर्यंत तापवून वेगाने फिरणाऱ्या यंत्राखाली एकजीव करतात आणि रंग त्यात सोडतात. थंड झाल्यावर नमुना ठरलेल्या छटेशेजारी ओढून बघतात. काळा कणभर जास्त पडला की सगळं मिश्रण राखट होतं. मग थोडा पिवळा, थोडा लाल घालून ते पुन्हा माणसाच्या रंगावर आणावं लागतं. टिंटेड क्रीममध्ये हे सगळे रंग मिळून फाउंडेशनच्या निम्म्याहून कमी, पुष्कळदा दोन-चार टक्केच असतात. त्यामुळे त्वचा खालून दिसत राहते, आणि जी दिसते आहे तिच्याशी क्रीमला फटकून वागता येत नाही.

आता त्या गुणाकडे येऊ.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्के. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त. सनस्क्रीनचं सगळं शास्त्र त्या पाच टक्क्यांभोवती उभं राहिलं, कारण त्याचा पाया गोऱ्या कातडीवरच्या अभ्यासांवर होता आणि गोऱ्या कातडीला भाजणारे, तिथे कर्करोग घडवणारे किरण तेच. दिसणारा प्रकाश निरुपद्रवी समजला गेला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गव्हाळ ते काळ्या वर्णाच्या आणि गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या त्वचेवर त्यांनी अतिनील वगळून फक्त दिसणारा प्रकाश टाकला. गोऱ्यांच्या त्वचेवर काहीच उमटलं नाही. सावळ्यांच्या त्वचेवर गडद डाग उमटले, आणि लांब लहरींच्या अतिनील किरणांनी उमटलेल्या डागांपेक्षा ते जास्त गडद होते, जास्त दिवस टिकले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या गटाने त्यामागचा एक दुवा दाखवला : रंग तयार करणाऱ्या पेशींवर ऑप्सिन-३ नावाचं प्रथिन असतं, ते निळा प्रकाश ओळखतं आणि पेशीला मेलॅनिन बनवायला लावतं. डोळ्याने पाहण्यासाठी जी प्रथिनं असतात, त्यांच्याच कुळातलं हे एक.

वांगाचा त्रास असलेल्या बाईला हे ऐकून पुष्कळ गोष्टींचा उलगडा व्हावा. गालफडांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटणारे ते तपकिरी पट्टे बाळंतपणाच्या आगेमागे येतात, गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतात, काही घरांत आईकडून मुलीकडे जातात, आणि उजेडाने गडद होत राहतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात उघड्यावरचं काम अजून आहे. वाडीत भाजी आणि फुलं करणाऱ्या बायका, अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी, पापडीच्या बाजारात दुपारपर्यंत बसणाऱ्या विक्रेत्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर आभाळ असतं. किनाऱ्यावर तर कोरडी वाळू अतिनील किरणांचा पंधराएक टक्के भाग आणि समुद्राचा फेस पंचवीसएक टक्के भाग परत वर फेकतो, त्यामुळे डोक्यावरचा पदर अर्धंच काम करतो. ऑफिसला जाणारीही सुटत नाही. खिडकीची काच भाजणारे किरण बऱ्याच अंशी अडवते. लांब लहरींचे अतिनील किरण आणि दिसणारा प्रकाश मात्र आत येतो. सनस्क्रीन न चुकता लावूनही वांग हटत नाही म्हणून कित्येकजणी स्वतःलाच दोष देतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं. नेहमीचं बिनरंगी सनस्क्रीन दिसणारा प्रकाश फारसा अडवतच नाही, आणि अडवूही शकणार नाही. दिसणारा प्रकाश अडवायचा तर अडवणारी वस्तू डोळ्यांना दिसलीच पाहिजे. पारदर्शक क्रीम पारदर्शक आहे याचाच अर्थ उजेड त्यातून आरपार जातो आहे.

इथे गेरू कामाला येतो. आयर्न ऑक्साइड तांबडे-पिवळे दिसतात, कारण ते निळा आणि जांभळा प्रकाश शोषून घेतात. सावळ्या त्वचेवर सगळ्यात जास्त डाग उमटवणारा प्रकाश नेमका तोच. मेक्सिकोतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये वांग असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. दोघांना डाग फिकट करणारं तेच औषध दिलं. एका गटाला फक्त अतिनील अडवणारं सनस्क्रीन, दुसऱ्याला तेच संरक्षण अधिक आयर्न ऑक्साइड. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटाचे डाग जास्त उतरले होते. रंग सोडून दोन्ही क्रीममध्ये मोठा फरक नव्हता. या एका गोष्टीसाठी मी टिंटेड क्रीमची बाजू घेते. ते नटण्यासाठी घेतलं तरी हरकत नाही, पण गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी त्यातला रंग हा संरक्षणाचा भाग आहे आणि तो प्रत्येकीला माहीत असायला हवा. गरोदरपणात तर विशेषच. तेव्हा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी डाग फिकट करणारी औषधं टाळायला सांगतात. आयर्न ऑक्साइड आणि काही सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइड मात्र त्वचेच्या वरच राहतात. मोबाइलच्या पडद्याची जी भीती जाहिरातींतून घातली जाते ती मनावर घेऊ नये. उन्हाच्या तुलनेत तो उजेड अगदीच क्षीण आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रंग जितका जास्त तितका प्रकाश जास्त अडतो, आणि या हिशेबात दाट फाउंडेशन हलक्या क्रीमच्या पुढे आहे. पण फाउंडेशन आपण वाटाण्याएवढं घेतो आणि ताणून लावतो, कारण त्याहून जास्त लावलं तर मुखवटा दिसतो. टिंटेड सनस्क्रीन मात्र पुरेसं लावता येतं. आणि सगळा खेळ प्रमाणाचा आहे. खोक्यावरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी ते तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघांएवढं होतं. एवढं एकदम लावलं तर चेहरा चिकट होतो. म्हणून एक रेघ लावून पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग दुसरी. बीबी क्रीम कुणी एवढं लावत नाही, तेव्हा त्याच्या खोक्यावरच्या एसपीएफवर विसंबू नये. खाली साधं सनस्क्रीन नीट प्रमाणात, ते बसल्यावर वर बीबीचा पातळ हात, असं केलं की दोघांचंही काम होतं. घरातलं फाउंडेशन संपवायचं असेल तर तळहातावर ते मॉइश्चरायझरमध्ये कालवून हलकं करता येतं. सनस्क्रीनमध्ये मात्र कालवू नये. त्याचा त्वचेवर बसणारा सलग पापुद्रा फाटतो आणि मध्ये उघडी ठिकाणं राहतात.

छटा कशी निवडायची, यावर जरा रेंगाळते. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं की संवाद बहुधा असा होतो :

“ताई, ही लाइटवाली घ्या, एकदम उजळ दिसाल.”

“उजळ नको दादा. माझ्या मानेला जुळणारी दाखवा.”

हे दुसरं वाक्य प्रत्येकीने पाठ करावं. फिकट छटेत टायटॅनियम डायऑक्साइड जास्त आणि लोखंड कमी असतं. सावळ्या त्वचेवर तो पांढरा रंग राखेसारखा दिसतो, आणि ज्यासाठी क्रीम घेतलं ते निळा प्रकाश अडवण्याचं कामही कमी होतं. म्हणजे उजळ दिसण्याच्या हौसेत दोन्हीकडून नुकसान. मनगटावर छटा पाहण्यात अर्थ नाही, तिथली त्वचा चेहऱ्यापेक्षा फिकट असते. जबड्याच्या हाडावरून मानेकडे जाणाऱ्या दोन-तीन बोटभर रेघा ओढाव्यात, शेजारी शेजारी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच बऱ्या दिसतील, म्हणून बाहेर उजेडात यावं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. ओलं असताना फिकट दिसणारा रंग वाळल्यावर, त्वचेचं तेल त्यात मिसळल्यावर गडद होतो. तेवढ्या वेळात भाजी घ्यावी आणि मग फोनच्या कॅमेऱ्यात बघावं. जी रेघ शोधावी लागते ती आपली. रोजच्या उन्हाने चेहरा मानेपेक्षा काळवंडला असेल तर मानेची हुबेहूब छटा चेहऱ्यावर पांढुरकी दिसेल. अशा वेळी गाल आणि मान यांच्या मधली घ्यावी. आपल्यापैकी बहुतेकींच्या त्वचेत पिवळसर किंवा किंचित हिरवट झाक असते, त्यामुळे गुलाबीकडे झुकणाऱ्या छटा टाळलेल्या बऱ्या.

पहिल्यांदा आणताना लहान ट्यूबच आणावी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून खाज किंवा पुरळ येत नाही ना ते बघावं, आणि मग नेहमीच्या कामाच्या दिवशी लावून बाहेर पडावं. रविवारी घरी पंख्याखाली लावलेलं क्रीम काही सांगत नाही. तेलकट चेहऱ्याला जेलसारखं पातळ, कोरड्याला मलईसारखं. घाम आला की रुमाल दाबून उचलावा, पुसू नये. नाक-हनुवटी फारच चमकत असेल तर टाल्कमऐवजी आपल्या छटेची कॉम्पॅक्ट पावडर टेकवावी, कारण टाल्कम पुन्हा त्या पिठुळक्या रंगाकडे नेतं, तर कॉम्पॅक्टमध्ये तेच लोखंडाचे रंग असतात. दुपारी डब्यानंतर तीच परत टेकवली तरी उपयोग होतो. घरी आल्यावर आधी थोड्या तेलाने किंवा क्लिंझरने सैल करून मग धुवावं. नुसत्या पाण्याने हे रंग निघत नाहीत आणि रोमछिद्रांत राहिले की बारीक पुटकुळ्या येतात. पुरुषांनाही वांग येतं, उन्हात राबणाऱ्यांना विशेष. त्यांनीही हे लावायला संकोच करण्याचं कारण नाही.

वांगावर लोक जे इतर उपाय करतात त्यांची मात्र मला खरोखर काळजी वाटते. लिंबू चोळून उन्हात गेलं तर त्वचा भाजून नवे डाग पडतात. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या मलमात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलं, तर पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा झकास उजळतो आणि पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, मलम सोडलं की आग होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण मागणारे आणि देणारे थांबलेले नाहीत. त्याहून वाईट पाऱ्याची क्रीमं. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांच्या विकाराचं मूळ त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीममध्ये सापडल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातही अशा रुग्णांची मालिका डॉक्टरांनी नोंदवली. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला रोखतो म्हणून रंग उजळतो, आणि त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर कोणत्याही प्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये.

म्हणून खोकं वाचावं. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी एवढं नसेल तर ते क्रीम चेहऱ्याजवळ आणू नये, मग ते पार्लरवालीने स्वतःच्या हाताने डबीत भरून दिलेलं असो. परदेशातून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. परवाने राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं आणि तक्रारही तिथेच करता येते. टिंटेड क्रीम डाग पुसत नाही. लावल्यावर ते थोडे झाकले जातात आणि उजेडाने आणखी गडद होण्यापासून वाचतात, एवढंच. काही आठवड्यांत वांग एकाएकी उतरलं आणि चेहरा गोरा झाला, तर ट्यूबमध्ये काहीतरी वेगळं आहे असं समजून ती त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावी.

राहता राहिला छटांचा प्रश्न. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या ‘फेंटी ब्यूटी’ने फाउंडेशनच्या ४० छटा एकदम आणल्या आणि गडद त्वचेच्या गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष करणाऱ्या कंपन्यांची पंचाईत झाली. वसई-विरारच्या दुकानांत टिंटेड क्रीमच्या अजूनही दोन-तीनच छटा असतात, बहुधा सगळ्याच फिकटाकडच्या. गडद छटा बनवायला वेगळं यंत्र लागत नाही, वेगळा कच्चा माल लागत नाही. त्याच काट्यावर लाल, पिवळा आणि काळा थोडा जास्त आणि पांढरा थोडा कमी तोलायचा असतो. दुकानदार मागणी असेल तोच माल भरतो. छटा जुळत नसेल तर जवळची फिकट घेऊन घरी येऊ नये. क्रीमचं नाव आणि छटेचा नंबर कागदावर लिहून द्यावा, पुढच्या मालाबरोबर मागवायला सांगावं, आणि शेजारणीलाही तोच नंबर मागायला सांगावं.